एकाच नावाच्या दोन तारा

“तार कुठाय?” मुजावरचाचांनी विचारलं.

“ही काय.”

“ही एवढीशी हाय. इथं आली नि संपली. फुडं कुठं गेली?”

“पुढे जायची गरजच नाही चाचा. तिच्या टोकाला नाव दिलंय बघा. आता चौथ्या पानावर या. ही दुसरी तार, हिलाही तेच नाव दिलंय. नाव एक, तर तार एक. मधली रेघ आपण काढायची नाही. सॉफ्टवेअर आपलं आपण जोडून घेतं.”

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मॉनिटरच्या इतक्या जवळ गेले, की त्यांच्या श्वासाने काच धुरकट झाली. “पण दिसंना की.”

“दिसत नसली तरी आहे,” मी म्हणाले आणि तपासणीचं बटण दाबलं. पडद्यावर चौकट उघडली. चुका, शून्य. “हे बघा. ते स्वतःच तपासतं.”

“मशीन म्हणतंय तर आसंल बरोबर,” असं म्हणून ते उठले. जाताना त्यांनी टेबलावरची आपली लाल पेन्सिल उचलून कानावर अडकवली.

ही दोन हजार तीनची गोष्ट. मिरजेजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत आमचा कारखाना होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारी यंत्रं आम्ही बनवायचो. उघडा पाळणा, त्याच्यावर तापणारी दांडी आणि बाजूला तापमान सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पेटी. मी चोवीस वर्षांची होते. कॉम्प्युटरवर सर्किट काढणारी कारखान्यातली पहिली इंजिनिअर, आणि ही गोष्ट मला कुणी विसरू दिली नव्हती, मीही विसरत नव्हते.

माझ्याआधी सगळी ड्रॉइंग हाताने काढलेली असत. रशीद मुजावर जोडणी खात्याचे मुख्य, कारखान्यात सव्वीस वर्षं. नवं ड्रॉइंग आलं की चाचा ते भिंतीला चिकटवत आणि लाल पेन्सिल घेऊन एकेक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत गिरवत जात. गिरवून झालेली तार लाल व्हायची. काळी रेघ उरली नाही की ड्रॉइंग पास. या पद्धतीने त्यांनी जुन्या इंजिनिअरांच्या चुका पकडलेल्या होत्या, असं सगळे सांगत. माझ्या ड्रॉइंगमध्ये मात्र रेघ इंचभर चालून नावापाशी थांबायची. त्यांच्या पेन्सिलीला जायला वाटच नव्हती.

मी मनातून खूश होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. कुणी काढलं, कुणी तपासलं. आमचे मालक कोटणीस साहेब म्हणाले, “मगदूम, तपासणाऱ्याचं नाव रिकामं ठेवू नका. हॉस्पिटलवाले कागद मागतात.”

“कुणाचं घालू सर?”

“मुजावरांचं घाला. तेच बघतात ना नेहमी.”

मी घातलं. ‘आर. ए. मुजावर’. चाचांना विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. त्याच संध्याकाळी फाइल पुण्याला सर्किट बोर्ड बनवणाऱ्याकडे गेली.

तीन आठवड्यांनी बोर्ड आले. पहिलं यंत्र चाचांच्या हाताखाली तयार झालं. आम्ही ठरलेल्या चाचण्या घेतल्या. तापमान वाढलं की दांडी बंद पडते का? पडत होती. भोंगा वाजतो का? वाजत होता. भोंगा गप्प करायचं बटण चालतं का? चालत होतं. जतच्या एका खासगी हॉस्पिटलला ते यंत्र महिनाभर वापरून बघायचं होतं. पसंत पडलं तर त्यांच्या सगळ्या शाखांना आमचीच यंत्रं घ्यायची असं त्यांचं चाललं होतं. यंत्र टेम्पोत चढवलं तेव्हा कोटणीस साहेबांनी स्वतः नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चाचा माझ्या टेबलाशी आले. हातात ड्रॉइंगची गुंडाळी होती. पुढच्या यंत्रांसाठी त्यांना ती दिली होती. त्यांनी ती उलगडली आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“हे माझं नाव हाय न्हवं?”

“हो.”

“कशापायी?”

“तपासणारा म्हणून. साहेबांनीच सांगितलं. नुसती पद्धत असते चाचा.”

“मी कुठं तपासलं?”

मी डबा बंद केला.

“आता नाव घातलंच हाय, तर मला तपासाय पायजे,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “चारी पानं मोठ्या कागदावर छापून द्या मॅडम. घरला नेतो. चार दिवस लागतील.”

“अहो, बोर्ड बनून आलेत, यंत्र जतला पोचलंय...”

“द्या तरी.”

मी छापून दिली. खरं सांगायचं तर वैतागूनच दिली.

चार दिवसांचे पाच झाले. बुधवारी सकाळी मी खुर्चीत बसते न बसते तोच चाचा आले. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहून आणलं होतं. लिहून म्हणजे, चितारून. माझ्या ड्रॉइंगवरचं एकेक नाव त्यांनी मोठ्या अक्षरांत, चित्र काढावं तसं काढलं होतं. प्रत्येक नावासमोर छोटे छोटे चौकोन होते आणि चौकोनात पानाचा आकडा.

“हे नाव बघा.” ते खुर्ची ओढून बसले. “हे सा ठिकाणी हाय. चार दुसऱ्या पानावर, दोन चौथ्या पानावर.”

मी बघितलं. ते नाव होतं ‘रीसेट’.

“बरोबर आहे,” मी म्हणाले.

“दुसऱ्या पानावर हे कुठनं येतंय? फुडच्या बटणाकनं. भोंगा गप करायचं बटण.”

“हो.”

“आन चौथ्या पानावर?”

मी चौथं पान ओढून घेतलं. यंत्रात एक दुसरा राखणदार होता. पहिला भाग तापमान सांभाळायचा. पण तो बिघडला, किंवा नर्सने दांडी हाताने चालवायला घेतली, म्हणजे ऊब स्वतःच कमी-जास्त करू लागली, तर बाळ भाजू नये म्हणून वेगळं सर्किट ठेवलं होतं. बाळाच्या पोटावर चिकटवलेला, तापमान मोजणारा प्रोब फार तापला की ते सर्किट दांडी बंद पाडायचं, लाल दिवा लावायचा, आणि यंत्राच्या मागची किल्ली फिरवल्याशिवाय दांडी परत चालू व्हायची नाही. त्या किल्लीच्या तारेला मी नाव दिलं होतं. ‘रीसेट’.

“चाचा, ही वेगळी तार आहे,” मी म्हणाले. “ही किल्लीची.”

“मला म्हाईत हाय ती येगळी हाय. तुमच्या मशीनला म्हाईत हाय का?”

मी दुसरं पान ओढून चौथ्याच्या शेजारी ठेवलं.

“आमच्या गल्लीत दोन रशीद मुजावर हायत,” चाचा म्हणाले. “पोस्टमन माझी पत्रं त्येला देतो, त्येची मला. त्यो तरी काय करणार? पत्त्यावर नाव एकच. मला वाटलं, हितंबी तसंच झालंय का बघावं.”

मी अजूनही मानायला तयार नव्हते. म्हणाले, तसं असतं तर चाचणीत सापडलं असतं. चाचा म्हणाले, “मग बघू या की,” आणि आम्ही जोडणी खात्यात गेलो.

दुसरं यंत्र अर्धवट जोडलेलं होतं, पण चालण्याइतकं तयार होतं. मी दांडी हाताने चालवायच्या खटक्यावर टाकली. चाचांनी चहाच्या कपात कढत पाणी आणलं आणि प्रोब त्यात सोडला. काही क्षणांत भोंगा वाजला, लाल दिवा लागला, वर तापलेली दांडी हळूहळू काळवंडली. अगदी जसं व्हायला हवं तसं.

“आता दाबा,” चाचा म्हणाले.

मी भोंगा गप्प करायचं बटण दाबलं.

भोंगा थांबला. त्याच्याबरोबर लाल दिवाही विझला. प्रोब अजून कढत पाण्यातच होता आणि वरची दांडी परत लालसर होऊ लागली.

मी घड्याळ लावून बघत राहिले. भोंगा पाच मिनिटं गप्प राहतो, तशीच मी आखणी केली होती. ती पाच मिनिटं दांडी तापत राहिली. राखणदाराला मीच झोपवलं होतं. आम्ही भोंगा वेगळा तपासला होता, दिवा वेगळा तपासला होता. एकामागून एक कुणी करून बघितलं नव्हतं. आणि सॉफ्टवेअरच्या लेखी सगळं बरोबरच होतं. दोन तारांना एक नाव मी दिलं, त्याने दोन्ही जोडून टाकल्या.

भोंगा वाजल्यावर कुठलीही नर्स पहिल्यांदा काय करेल, ते मला त्या वेळी कळलं. तीच गोष्ट, जी मी आत्ता केली होती.

“जतला बाळ असंल त्यात,” चाचा म्हणाले.

कोटणीस साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी ताबडतोब जतला फोन लावला, यंत्र हाताने चालवू नका, आपोआप चालतं तसंच ठेवा, आमची माणसं निघतायत, असं स्पष्ट सांगितलं. मग फोन ठेवून माझ्याकडे वळले.

“दुरुस्ती किती वेळाची आहे?”

“बोर्डवर एक जोड कापायचा. पाऊण तास.”

“मग जा दोघं. आणि तिथे सांगा, रुटीन सर्व्हिसिंग आहे. पहिल्या आठवड्यात आम्ही करतोच, असं सांगा.”

“पण सर...”

“मगदूम, चूक दुरुस्त होणारच आहे. बाळाला काही होणार नाही. मग विनाकारण लोकांना घाबरवून काय मिळणार? आपण या हॉस्पिटलवाल्यांपुढे फार लहान आहोत. एकदा नाव गेलं की गेलं.”

मी मान हलवली. खरं तर मला बरंच वाटलं. जी गोष्ट मला बोलायची नव्हती, ती न बोलायची परवानगी मिळाली होती.

मिरजेहून जतची एसटी मिळाली. चाचांच्या मांडीवर सोल्डरिंगच्या सामानाची पेटी होती. कवठेमहांकाळ गेलं, बागा विरळ होत गेल्या आणि दोन्ही बाजूंना माळ सुरू झाला.

“चाचा,” मी विचारलं, “तुम्हाला सापडलं कसं? मी ते ड्रॉइंग पन्नास वेळा वाचलं असेल.”

“तुम्ही वाचलं म्हणून,” ते म्हणाले. मग थोडे ओशाळून हसले. “मला इंग्रजी कुठं येतंय पोरी. उर्दू चौथी झाली माझी. मराठी कामावर शिकलो. इंग्रजी म्हणाल तर माझं नाव तेवढं वळखतो, पगाराच्या कागदावर आसतं म्हणून. बाकी सगळी चित्रंच. तुम्ही बघताना म्हणत आसाल, हां, रीसेट, बरोबर. मला त्याचा अर्थच म्हाईत न्हाई. मी आपलं एक चित्र घ्यायचं, तसलं दुसरं कुठं हाय ते हुडकायचं, आन बोर्डावर बघायचं की ही दोघं एकमेकांची हायत का. पाच दिवस त्यातच गेलं. बायको म्हणाली, परीक्षा हाय का तुमची?”

सव्वीस वर्षं ते आमच्याकडे होते आणि हे कुणालाच माहीत नव्हतं. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. त्यांना दुखवायला नको म्हणून नव्हे. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

हॉस्पिटल बाजारपेठेच्या मागच्या रस्त्यावर होतं. लहान बाळांच्या खोलीत सिस्टर लोंढे होत्या. चाळिशीच्या, काटक, बोलताना हातातलं काम न थांबवणाऱ्या. आमच्या यंत्रात मुठीएवढं बाळ झोपलेलं होतं. अंगावर फक्त लंगोट आणि पोटावर आमचा प्रोब.

“मशीन झकास आहे तुमचं,” सिस्टर म्हणाल्या. “हिचं वजन चाळीस ग्रॅमनी वाढलं. काय करायचंय?”

“बोर्ड बघायचाय. पाऊण तास लागेल.”

“मग आईच्या छातीशी देते तेवढा वेळ.” त्यांनी बाळाला अलगद उचललं, पलीकडच्या खाटेवर बसलेल्या मुलीच्या पदराआड ठेवलं आणि वरून गोधडी टाकली. मुलगी एकोणीस-वीसची असेल. ती आमच्याकडे बघत होती.

चाचांनी पेटी उघडली, पाठीमागचं झाकण काढलं आणि बोर्ड बाहेर घेतला. भिंगातून बघत ते दोन्ही तारा जोडणारी तांब्याची ती बारीक पट्टी हळूहळू कापू लागले. मी कंदिलासारखी बॅटरी धरून उभी होते.

“रुटीनच आहे ना हे?” सिस्टरांनी विचारलं. “सकाळी तुमच्या साहेबांचा फोन आला, हाताने चालवू नका म्हणून. म्हणून विचारते.”

चाचांनी मान वर केली नाही. पट्टी कापत राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं तर कदाचित मला सोपं गेलं असतं.

“परवा रात्रपाळीच्या सिस्टरने हाताने चालवलं होतं,” लोंढे सिस्टर पुढे म्हणाल्या. “प्रोब निघून आला होता, भोंगा वाजला, तिने गप्प केलं. काही झालं नाही.”

“सिस्टर,” मी म्हणाले, “रुटीन नाही.”

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. दोन तारांना मी एक नाव दिलं हे, भोंगा गप्प केला की राखण पाच मिनिटं बंद पडते हे, आणि परवा प्रोब निघाला म्हणून नव्हे, तर बाळ खरंच तापलं म्हणून भोंगा वाजला असता तर काय झालं असतं हेही. खाटेवरच्या मुलीने गोधडी जरा वर ओढून घेतली.

सिस्टरांनी उघड्या यंत्राकडे बघितलं. मग विचारलं, “हे तुमच्या ध्यानात कसं आलं?”

“यांच्या,” मी चाचांकडे हात केला. “माझ्या नाही.”

“आणि आता दुरुस्त झालं हे मला कसं कळणार? तुम्ही म्हणता म्हणून?”

चाचांनी पहिल्यांदा मान वर केली. “न्हाई. तुम्हीच बघायचं. गरम पाणी आणा एक कप.”

झाकण बसवलं. सिस्टरांनी स्वतः पाणी आणलं, स्वतः प्रोब सोडला. भोंगा वाजला, लाल दिवा लागला. त्यांनी बटण दाबलं. भोंगा थांबला. दिवा लाल राहिला, दांडी गार पडत गेली. त्यांनी हाताने दांडीजवळची हवा चाचपून बघितली. पाच मिनिटं त्या घड्याळाकडे बघत उभ्या होत्या. मग मागची किल्ली फिरवून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून केलं. तिसऱ्यांदा करताना शेजारच्या खोलीतल्या दोन्ही नर्सना हाक मारली आणि त्यांच्याकडून करून घेतलं.

निघताना त्या म्हणाल्या, “डॉक्टरांना मला हे सांगावं लागेल.”

“सांगा,” मी म्हणाले.

डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी यंत्र परत न्यायला सांगितलं. शाखांचं कामही गेलं. कोटणीस साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, “तुम्हाला सांगितलं होतं,” एवढंच म्हणाले आणि बराच वेळ समोरचे कागद चाळत राहिले. मला काढलं नाही. पण महिनाभर माझ्याशी कामापुरतंही सरळ बोलले नाहीत. निरोप दुसऱ्या कुणाकडून तरी यायचा. उरलेल्या सगळ्या बोर्डांवरची पट्टी चाचांनी एकट्याने कापली. मी तारांना नवी नावं दिली, आणि चाचा सांगतील त्याच क्रमाने यंत्र तपासायचं असं ठरलं. बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसलं असतं, की एका मुलीच्या तोंडामुळे कारखान्याचं चांगलं गिऱ्हाईक गेलं. कारखान्यात तसं म्हणणारे होतेच. काही दिवस मलाही तसंच वाटत होतं.

मग दिवाळीनंतर एका सकाळी ऑफिसमधल्या फोनवर मला बोलावणं आलं.

“मी लोंढे सिस्टर, जतहून. ओळखलं का?”

“हो, सिस्टर. ती छोटी कशी आहे, आपल्या यंत्रातली?”

“गेली घरी केव्हाच. ऐका, नवीन मशीन आलंय आमच्याकडे, मोठ्या कंपनीचं. त्यांच्या माणसाला म्हटलं, मला भोंगा आणि लाल दिवा दोन्ही एकदम तपासून दाखव. तो म्हणतो, असं कुणी विचारत नाही, पुस्तकात नाही. निघून गेला. सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ आत्ताच खाली गाडीतून उतरवलंय, दहा मिनिटांत माझ्याकडे येईल. ह्या मशीनला बटणं निराळी आहेत. मला सांगता का, कसं करायचं ते?”

मी चाचांना हाक मारली. त्यांनी खुर्ची ओढली आणि रिसिव्हरला कान लावून बसले. आम्ही सिस्टरना यंत्राच्या पुढचं एकेक बटण सांगायला लावलं, कशावर काय चित्र आहे ते विचारलं. चाचांनी अंदाज बांधला. पाणी आणलं गेलं. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

मग लांबून, रिसिव्हरमधून, भोंगा ऐकू आला. आमच्या भोंग्यापेक्षा बारीक आवाजाचा. तो वाजत राहिला, वाजत राहिला आणि एकदम थांबला.

काहीच ऐकू येईना. चाचांनी माझ्या मनगटाला हात लावला, घड्याळ बघायला. एक मिनिट गेलं. दोन. ऑफिसमधली टायपिस्ट काहीतरी विचारायला आली आणि आमचे चेहरे बघून परत गेली. पाच मिनिटं झाली तरी तिकडून शब्द नाही.

मग पावलं वाजली, फोन उचलला गेला.

“लालच आहे,” सिस्टर म्हणाल्या. “आणि वरची दांडी गार. हात लावून बघितला मी.” त्यांच्या मागे कुणीतरी दार उघडलं, चाकांचा आवाज आला, आणि अगदी बारीक, मांजराच्या पिलासारखं रडणं.

“आलं,” त्या म्हणाल्या. “ठेवते मी आता.”